आवडली, एवढं पुरेसं नाही

कादंबरी वाचून संपली की आपण तिच्याविषयी काहीतरी बोलतोच. 'आवडली', 'नाही झेपली', 'एका बैठकीत संपवली', 'अगदी माझीच गोष्ट वाटली', 'खूप अभ्यास करून लिहिलीय'. समोरच्याचं मत वेगळं निघालं की 'शेवटी ज्याची त्याची आवड' असं म्हणून विषय मिटवतो. हे वाक्य समंजस वाटतं, म्हणून ते कुणाला खटकत नाही. मला मात्र ते फार दिवस खटकत आलं आहे. त्यातला समंजसपणा वरवरचा आहे. दोन वाचकांचं बोलणं जिथून सुरू व्हायला हवं, नेमकं तिथेच ते वाक्य बोलणं थांबवतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं : कादंबरीविषयीचं मत वैयक्तिक असतं, पण वैयक्तिक असल्यामुळे ते तपासणीच्या पलीकडे जात नाही. मत म्हणजे पुस्तकाविषयी केलेलं विधान. ते पुस्तकातला आधार दाखवून मांडता येतं, खोडता येतं, सुधारता येतं. जो वाचक असा आधार शोधत नाही, तो कादंबरीविषयी बोलत नसतो, स्वतःच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीविषयी बोलत असतो. अलीकडे वाचलेल्या आणि पुन्हा वाचलेल्या काही मराठी कादंबऱ्या समोर ठेवून हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. आवड वेगळी, मत वेगळं

आवड ही आपल्या बाबतीत घडणारी गोष्ट आहे. 'रणांगण वाचताना मला रडू आलं' या वाक्यावर वाद होऊ शकत नाही. रडू आलं असेल तर आलं. पण 'रणांगण आपल्या नायकाला माफ करत नाही' असं मी म्हटलं, तर ते विधान विश्राम बेडेकरांच्या पुस्तकाविषयी आहे. ते चूक असू शकतं. कुणीही पुस्तक उघडून मला विचारू शकतं, 'हे कुठे दिसलं, दाखव.' पहिल्या वाक्यात मी सुरक्षित आहे, दुसऱ्यात मी जबाबदार आहे. मत या दुसऱ्या प्रकारच्या वाक्यापासून सुरू होतं.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत याचा सरळ पुरावा म्हणजे त्या पुष्कळदा एकमेकींच्या विरुद्ध जातात. नंदा खरे यांची 'उद्या' (२०१४) वाचताना मला सुख झालं नाही. तिच्यात माहितीची दाटी आहे, अनेक धागे एकदम सुटतात, आणि जीव लावावा असं पात्र सहज हाती लागत नाही. तरीही या शतकातल्या महत्त्वाच्या मराठी कादंबऱ्यांत मी तिला धरतो. बलाढ्य कंपन्या, पाळत आणि आकडेवारी यांनी वेढलेलं नजीकच्या भविष्यातलं जग ती उभं करते, आणि या जगाचा दोष एका दुष्ट माणसावर टाकून मोकळी होत नाही. जो तो आपापलं काम करत राहतो आणि त्या सगळ्यांच्या बेरजेतून माणसाला चिरडणारी व्यवस्था तयार होते. जीव लावावा असं पात्र न सापडणं हा या कादंबरीच्या म्हणण्याचाच भाग आहे.

उलट उदाहरण शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'चं (१९६७). तिचा ओघ मला आजही ओढून नेतो. तरी माझं मत असं की या कादंबरीने केलेला मोठा करार ती पाळत नाही. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून कथा सांगायची, म्हणजे एकाच आयुष्याकडे सहा नजरांनी पाहायचं. पण सहाही जण जवळजवळ एकाच उंच, अलंकृत सुरात बोलतात, आणि बहुतेक निवेदनं कर्णाच्या थोरवीकडेच वळतात. दुर्योधनाचं एखादं पान आणि वृषालीचं एखादं पान नावं झाकून शेजारी ठेवावं आणि केवळ भाषेवरून कोण बोलतंय ते ओळखता येतं का, हे पाहावं. माझं मत चूक असेल तर ते तिथेच उघडं पडेल. मत तपासता येतं, ते असं.

२. तीन सोप्या कसोट्या आणि त्यांचं मूळ

आपल्याकडे कादंबरीची स्तुती प्रामुख्याने तीन प्रकारे होते : ती खिळवून ठेवते, ती आपल्याला काही शिकवते, किंवा ती आपलीच वाटते. या कसोट्या आभाळातून पडलेल्या नाहीत. त्यांच्यामागे मराठी साहित्यव्यवहाराचा इतिहास आहे.

ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन'मध्ये (१९३१) कथा-कादंबरीच्या तंत्राचा विचार मांडला आणि वाचकाचं रंजन, त्याची उत्कंठा यांना लेखनाच्या केंद्रस्थानी आणलं. वि. स. खांडेकर दुसऱ्या बाजूला उभे राहिले. साहित्याने जीवनाला वळण द्यावं हा त्यांचा आग्रह. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद पुढे ओसरला, पण दोन्ही बाजूंच्या कसोट्या वाचकांच्या बोलण्यात तशाच राहिल्या. मग १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली. घरचं गाव सोडून पुण्यात शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरुणांनी स्वतःला पाहिलं, आणि 'आपलीच गोष्ट' ही तिसरी कसोटी पक्की झाली.

तिन्ही कसोट्यांत एक गोष्ट समान आहे. त्या विचारतात : मला काय मिळालं? करमणूक मिळाली, शिकवण मिळाली, ओळख मिळाली. कादंबरीने ते कसं घडवलं, हा प्रश्न तिन्हींत येत नाही. फडके-खांडेकर वादात दोन टोकं दिसत असली तरी वाचकाच्या पदरात काय पडतं एवढ्याच मापाने दोन्ही पक्ष पुस्तक मोजत होते, असं मला वाटतं. त्यामुळे हा वाद मागे पडूनही आपण त्याच्या बाहेर आलेलो नाही.

३. 'एका बैठकीत संपवली'

वेग हा गुण आहे की दोष, हे कादंबरी काय करू पाहते त्यावर ठरतं. 'रणांगण' (१९३९) लहान आहे, एका संध्याकाळी संपते. पण तिचा वेग केवळ आकाराचा नाही. युरोपातून पूर्वेकडे निघालेलं जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीने हुसकावलेली ज्यू माणसं, त्यांच्यातली हॅर्टा, आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस. मुंबई आली की तो उतरणार आणि तिला पुढे जावं लागणार, हे दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक आहे. प्रेमाला दिवस मोजून दिलेले आहेत. पान उलटावं तसं बंदर जवळ येतं, म्हणून इथे भरभर वाचणं हाच यातनेचा भाग होतो.

याच्या शेजारी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ठेवावी. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो, शाळा भरू लागते, कारभारी, आयबू, आनंदा रामोशी अशी माणसं एकेक करून ओळखीची होतात. 'पुढे काय' ही ओढ जवळजवळ नाही. पण हा संथपणा काढून टाकला तर कादंबरीचा शेवट उभाच राहणार नाही. दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. वाचक तिथे पुरेसा रमलेला असेल तरच ते रिकामं होणं त्याला लागेल. माडगूळकरांनी आपल्याला तिथे राहायला वेळ दिला, कारण पुढे ते गाव आपल्याकडून काढून घ्यायचं होतं.

तेव्हा 'एका बैठकीत संपवली' हे वाक्य 'रणांगण'विषयी खरं असूनही तिच्याविषयी काहीच सांगत नाही, आणि 'फार संथ आहे' हे 'बनगरवाडी'विषयी खरं असूनही तिचा दोष दाखवत नाही. गती आणि हेतू यांचं नातं सांगितलं तरच ते मत होतं.

४. 'अगदी माझीच गोष्ट'

ही कसोटी सर्वांत लोकप्रिय आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान करणारी. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'ला (२००४) वाचकांनी भरभरून प्रेम दिलं ते बहुतांशी याच दाखल्यावर : नववीचा वर्ग, मित्रांचा कंपू, शिरोडकरवर जडलेला जीव. हे प्रेम खरंच आहे. पण आठवणी जाग्या करणं एवढंच तिचं काम असतं, तर त्या काळातली आणीबाणी तिच्यात कशाला हवी होती? मुलाच्या जगात शिस्त, धाक आणि गप्प बसणं शाळेकडून येतं आणि देशाकडूनही येतं. ज्याला फक्त स्वतःची नववी आठवते, त्याच्या वाचनातून ही अर्धी कादंबरी गळून पडते.

'कोसला'चंही तसंच. पांडुरंग म्हणजे मी, असं म्हणणारा वाचक त्याच्या तिरकस बोलण्यावर खूश असतो. पण कादंबरी त्या बोलण्याचीच परीक्षा घेते. धाकटी बहीण मनी देवीच्या आजारात जाते, तेव्हा जगातल्या प्रत्येक गोष्टीची टर उडवणारा हा आवाज पहिल्यांदा निरुपाय होतो. जी भाषा त्याने ढालीसारखी धरली होती, ती या दुःखापुढे उपयोगी पडत नाही. त्या पानांनंतर आधीच्या पानांतला विनोद वेगळा ऐकू येतो. पांडुरंगशी एकरूप झालेल्या वाचकाला हे दिसणं कठीण, कारण पाहण्यासाठी थोडं अंतर लागतं.

आणि जी गोष्ट आपली नाहीच, तिचं काय? उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) वऱ्हाडातल्या गरीब शिंपी कुटुंबाची कथा. कौतिक, तिचा नवरा महादेव, मुलगा नामा. मी त्या घरचा नाही, त्या बोलीत वाढलो नाही. 'आपलीच गोष्ट' ही अट धरली तर माझ्यासाठी ही कादंबरी बंदच आहे. तिला 'स्त्रीच्या सोसण्याची कहाणी' म्हणायची पद्धत आहे. मला ते अपुरं वाटतं. कौतिक सोसते तेवढीच हिशेब करते. संसार सावरण्यासाठी ती एकामागून एक निर्णय घेते, मुलाच्या शिक्षणावर भरवसा ठेवते, नवऱ्याच्या महारोगापुढेही घर तगवायला पाहते. तिचे निर्णय मूर्खपणाचे नाहीत. गरिबीत शहाण्या निर्णयालाही जागा उरत नाही, हे शेळके दाखवतात. नुसतं सोसणारी बाई आपल्याकडून दया मागते. विचार करून हरणारी बाई त्या परिस्थितीविषयीच प्रश्न उभा करते.

कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) तर हे अंतरच विषय म्हणून घेते. तिची निवेदक प्रफुल्ला मध्यमवर्गातली. ग्रामपंचायतींत निवडून आलेल्या आदिवासी आणि ग्रामीण बायकांपर्यंत ती संस्थेच्या कामातून पोचते. त्या बायकांची गोष्ट 'तिचीच' नाही आणि कादंबरी तसा आव आणत नाही. परक्याचं ऐकून कसं घ्यायचं, हे ती वाचकासमोर करून दाखवते. ओळखीचं तेवढंच आपलं मानणाऱ्या वाचकाला असल्या कादंबरीतलं काय हाती लागणार?

५. 'खूप माहिती मिळाली'

काही शिकवण्याची कसोटी गंभीर दिसते, म्हणून तिचा उथळपणा लवकर लक्षात येत नाही. एकाच विषयावरच्या दोन कादंबऱ्या घेतल्या की तो उघड होतो. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) आणि कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. दोन्ही धरणग्रस्तांच्या, दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार, पहिलीला १९९२चा, दुसरीला २०२३चा.

'झाडाझडती'त जांभळी गाव उठतं आणि खैरमोडे गुरुजींसारखी माणसं पुनर्वसनाच्या रगाड्यात सापडतात. कचेऱ्या, कागद, पुढारी, दलाल यांचं जाळं पाटील सविस्तर उभं करतात. माहितीची कसोटी लावली तर ही कादंबरी सहज पुढे जाते. 'रिंगाण'मध्ये तसं काही नाही. गाव उठल्यावर देवाप्पा मागे राहिलेल्या म्हशीला आणायला जुन्या जागी परत जातो. तिथे माणसाविना जगलेली जनावरं आता रानाची झालेली आहेत. कारभाराचा पट जवळजवळ नाहीच.

तरी 'रिंगाण'ला कमी लेखणं मला पटत नाही. विस्थापनात काय गेलं याची यादी सरकारी कागद करू शकतो : जमीन, घर, झाडं. जनावर आणि माणूस यांच्यातली एकमेकांना ओळखण्याची सवय तुटली, हे कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. खोतांनी नेमकं तेवढंच धरलं. 'झाडाझडती' अन्यायाची यंत्रणा दाखवते, 'रिंगाण' त्या यंत्रणेला न दिसणारं नुकसान दाखवते. दोन्हींचं मोल वेगवेगळं आहे आणि माहितीच्या वजनावर ते ठरवता येत नाही. नुसती माहितीच हवी असेल तर अहवाल कादंबरीपेक्षा अधिक नेमका असतो.

६. मग मत कशावर उभं करायचं?

माझ्यापुरते मी तीन प्रश्न पक्के केले आहेत. हे तीनच पुरेत असा दावा नाही, पण यांच्याशिवाय मत देऊ नये असं माझं ठाम म्हणणं आहे.

पहिला प्रश्न : कोण सांगतंय, आणि सांगणाऱ्याला काय दिसत नाही? सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू'त (२००६) तनय आणि अनुजा ही भावंडं घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. आधी तनयचं निवेदन, त्या निघून गेलेल्या तरुणाला उद्देशून. मग अनुजाची डायरी. दुसरा भाग वाचताना पहिल्या भागातले प्रसंग जागा बदलतात. तनयला जे खास आपल्या दोघांचं वाटलं होतं, त्याला दुसरी बाजू होती हे कळतं. पण ज्याच्यावर दोघांनी जीव टाकला त्या तरुणाला कादंबरी नाव देत नाही, निवेदनही देत नाही. तो कोण होता हे दोघांनाही कळलेलं नाही. 'शेवटी त्या मुलाचं काय ते नीट सांगितलं नाही' ही तक्रार मी ऐकली आहे. माझ्या मते तो तिसरा, न लिहिलेला भाग हाच कादंबरीचा कणा आहे.

दुसरा प्रश्न : जागा कुणाला मिळाली, आणि कधी? 'रणांगण'कडे पुन्हा येतो. 'नायक दुबळा आहे' असा या कादंबरीवर आक्षेप घेतला जातो. चक्रधर दुबळा आहेच. पूर्वीच्या प्रेमभंगाने मन घट्ट करून बसलेला, निर्णय पुढे ढकलणारा. जवळजवळ संपूर्ण प्रवासात हॅर्टा आपल्याला त्याच्या नजरेतून दिसते. आणि मग शेवटाकडे तिची पत्रं येतात. तो जवळ नसताना, त्याच्या मध्यस्थीशिवाय, ती स्वतःच्या शब्दांत बोलते. आणि हे शब्द पोचतात तेव्हा तिच्यासाठी काही करण्याची वेळ निघून गेलेली असते. बेडेकरांनी तिला आवाज उशिरा दिला. त्या उशिरामुळे चक्रधरचा दोष त्याच्या कबुलीतून न येता रचनेतून येतो. 'कादंबरी नायकाला माफ करत नाही' असं मी सुरुवातीला म्हटलं, त्याचा आधार हा.

तिसरा प्रश्न : शेवट आधीच्या पानांनी कमावलेला आहे का? 'बनगरवाडी'चा दुष्काळ कमावलेला आहे. शेवटच्या प्रकरणात अपघात, आजार किंवा समेट आणून वाचकाला हलवणाऱ्या कादंबऱ्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या क्षणी आपणही हलतो. पण पुस्तक मिटल्यावर मागची पानं आठवून विचारावं : हे यायलाच हवं होतं का?

७. आक्षेप आणि उत्तरं

'आम्ही साधे वाचक, समीक्षक नाही.' मी वर जे म्हटलं त्यासाठी परिभाषा लागत नाही, पान लागतं. हॅर्टाची पत्रं शेवटाकडे येतात हे पाहायला कुठल्याही पदवीची गरज नाही. परिभाषेच्या भीतीने वाचकाने आपलं निरीक्षणही सोडून द्यावं, हे त्याने स्वतःचंच केलेलं अवमूल्यन आहे.

'वाचनाचा आनंद तरी घेऊ द्या.' आनंदाला माझा विरोध कसा असेल? पण आनंदाचं कारण शोधल्याने आनंद संपतो, हा समज खोटा आहे. गाण्यातला राग ओळखू येऊ लागला म्हणून कुणाचं गाणं ऐकणं उणं झालेलं नाही. उलट कारण न शोधणारा वाचक एका साच्यात अडकतो. ज्या पुस्तकाने एकदा आनंद दिला, तशीच पुस्तकं तो पुन्हा पुन्हा घेतो, आणि हळूहळू त्यांचाही आनंद आटतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : 'आधार दाखवा, कसोटी लावा हे सगळं अभिजनांचं आहे. जात, वर्ग, प्रदेश, स्त्री-पुरुष भेद यांनी प्रत्येकाचं वाचन वेगळं होतं. मग कुणाचं मत खरं?' वाचन वेगळं होतं हे मला पूर्ण मान्य आहे. 'धग'मधले संवाद वऱ्हाडी वाचकाला जसे ऐकू येतात तसे मला येत नाहीत. पण याच कारणाने त्याने मला सांगायला हवं की अमुक ठिकाणी मी चुकलो, तिथला सूर करुण नसून टोमण्याचा आहे. 'ज्याची त्याची आवड' मानली तर त्याचं हे सांगणंही केवळ त्याची आवड ठरेल आणि माझं अज्ञान अबाधित राहील. आवडीवर सगळं सोडून दिलं की जिंकतो तो आधीपासून प्रस्थापित असलेला. भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' १९६५ साली आली तेव्हा आचार्य अत्र्यांनी तिच्यावर कडाडून हल्ला चढवला. तिच्या बाजूने उभे राहिलेले लोक 'आम्हाला आवडली' एवढ्यावर थांबले असते, तर त्या झोडपण्यापुढे ती टिकली नसती. नाक्यावरच्या पोरांची ती भाषा घाण दाखवण्यासाठी नसून त्यांच्या जगण्याचं माप आहे, हे कुणीतरी दाखवावं लागतं. दुर्लक्षित लेखनाला प्रस्थापितांच्या नावडीपासून वाचवायला आधारासह दिलेलं मतच कामी येतं.

८. मत देणं हे काम आहे

मराठीत कादंबरीचं आयुष्य जाहिरातीवर फारसं ठरत नाही. ते एका वाचकाने दुसऱ्याला काय सांगितलं यावर ठरतं. ग्रंथालयाच्या खरेदीत कुणी कुठलं नाव सुचवलं, शिक्षकाने वर्गात कुठल्या पुस्तकाचा उल्लेख केला, मैत्रिणीने प्रवासाला निघताना काय हातात दिलं. या साखळीत 'मस्त आहे, वाच' एवढंच फिरत राहिलं, तर सहज मस्त वाटणारी पुस्तकंच पुढे सरकतील. 'रिंगाण'सारखी अल्पाक्षरी, 'उद्या'सारखी खडबडीत पुस्तकं मागे पडतील. पुरस्कार त्यांना काही काळ हात देतात, पण पुरस्काराने नाव कळतं. कसं वाचावं ते वाचकच वाचकाला सांगू शकतो.

म्हणून माझी मागणी लहान आणि स्पष्ट आहे. पुढच्या कादंबरीविषयी मत देताना 'आवडली' किंवा 'नाही आवडली'च्या पुढे आणखी एक वाक्य बोलावं, आणि ते वाक्य असं असावं की पुस्तक उघडून कुणाला ते खोडता येईल. कुणी खोडलं तर मत बदलावं, नाही खोडता आलं तर त्यावर ठाम राहावं. 'मृत्युंजय', 'धग', 'रिंगाण' यांविषयी मी वर जी विधानं केली आहेत, ती मी याच अटीवर केली आहेत. त्यांच्याशी कुणी असहमत असेल तर 'ज्याची त्याची आवड' म्हणून सोडून देऊ नये. पुस्तकातलं पान दाखवून वाद घालावा. लेखकाने काही वर्षं घालून लिहिलेल्या पुस्तकाला वाचकाकडून एवढं मिळायलाच हवं.